कचेरी आणि प्रकृती

मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या नोकरवर्गाच्या आरोग्याची काळजी वाहण्याचे मनावर घेतले आहे. पावले मोजणारी पट्टी मनगटास देणे, कचेरीतच योगासनांचा वर्ग चालविणे, रक्ततपासणी फुकट करून देणे, असे या योजनांचे स्वरूप असते. हेतू स्तुत्य होय. परंतु त्यांच्या फलाविषयी जे दावे केले जातात ते तपासून पाहणे अवश्य आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली असा एक प्रयोग आरंभिला गेला. सुमारे पाच हजार नोकरांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे, दोन गट पाडून एकास योजना खुली केली, दुसऱ्यास केली नाही. दोन वर्षांपर्यंत पाहता वैद्यकीय खर्च, वजन, रक्तदाब यांत गणना करण्याजोगे अंतर पडले नाही. मौज अशी की, योजनेत भाग घेणारे व न घेणारे यांचीच नुसती तुलना केली असता तीच योजना मोठी गुणकारी दिसे! कारण उघड आहे. जे आधीच निरोगी, तेच हौसेने पुढे आले होते. जादा तासाला न बोलावता येऊन बसणारा विद्यार्थी परीक्षेत वर आला, की शिक्षकाने आपली पाठ थोपटून घ्यावी, त्यातलाच हा प्रकार. (आम्ही हा प्रकार शाळांतून पुष्कळ पाहिला आहे.) नैयायिक अन्वयाबरोबर व्यतिरेकही पाहावयास सांगतात, तो याचसाठी. तथापि वरिष्ठांना आपल्या प्रकृतीची आस्था आहे, असे त्या नोकरांना अधिक वाटू लागले, हे नमूद केले पाहिजे.

जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला व १९१५ साली मोफत औषधोपचार. पुढे १९४८च्या कारखान्यांच्या कायद्याने आठवड्याचे काम ४८ तासांवर आणून ठेविले. येथे नोकराच्या सवयींना नव्हे, तर प्रत्यक्ष कामालाच हात घातला होता. आजच्या योजनापत्रकांत तासांविषयी एखादी ओळ सापडते काय, हे वाचकांनी आपल्या घरातील मुलांना व सुनांना अवश्य विचारावे.

आमच्या परिचयाच्या एका घरी सून रात्री नऊला परतते. मनगटावरील पट्टी तिला झोप अपुरी झाल्याचे बजावते, आणि त्याच वेळी हातातील फोनवर पहाटेच्या बैठकीचे बोलावणे येते. दोन्ही यंत्रे कंपनीनेच दिलेली आहेत.