गिलमन स्ट्रीटचा दरवाजा

कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात '९२४ गिलमन स्ट्रीट' हे पंक संगीताचे सभागृह ३१ डिसेंबर १९८६ रोजी सुरू झाले. 'मॅक्सिमम रॉक-एन-रोल' या नियतकालिकाचे संपादक टिम योहानन यांचा त्यात पुढाकार होता. तेथे दारू, मारामारी, वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगीद्वेष यांना मज्जाव होता. वयाची अट मात्र नव्हती. सगळी कामे स्वयंसेवकच करीत. १९८८मध्ये योहानन बाजूला झाले, तेव्हा इतरांनी ती जागा पुन्हा उभी केली.

बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केलेल्या वाद्यवृंदाला येथे मंच मिळणार नाही, असाही एक नियम होता. येथेच घडलेल्या 'ग्रीन डे'ने असा करार केला, १९९४मध्ये त्यांची 'डूकी' जगभर गाजली, आणि घरचे दार त्यांना बंद झाले.

याला सोवळेपणा म्हणणे सोपे आहे. (आपल्या अनियतकालिकांच्या अभ्यासकांना हा आरोप परिचित असेल.) मला तो पटत नाही. एवढ्याशा सभागृहात प्रसिद्ध नावे येऊ लागली, की शाळकरी मुलांच्या बेसूर, पहिल्यावहिल्या वाद्यवृंदाला कोण विचारणार? 'ग्रीन डे'ही कधीकाळी तसाच होता. ज्या आडोशाने त्यांना वाढवले, तोच पुढच्यांसाठी राखायचा, तर त्यांना बाहेर ठेवणे भाग होते. त्यात क्रौर्य होतेच, हेही मान्य करावे लागेल.

मे २०१५मध्ये ते तेथे पुन्हा वाजवायला आले. आगीत होरपळलेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या आणि छापखान्याच्या मदतीसाठी.