लढाई दूर देशात, कात्री गळ्यातल्या सोन्याला

लग्नाच्या मांडवात नीट बघा. ठुशी, पाटल्या, झुबे सगळं झगमगतंय. पण त्यातलं बरंचसं 'एक ग्रॅम'चं, म्हणजे वरून सोन्याचं पाणी दिलेलं. मंगळसूत्रही आखूड झालंय. लोक म्हणतात, नवी फॅशन आली. पण यामागे लढाईचाही हात आहे.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिका-युरोपने रशियाचा परदेशात ठेवलेला पैसा गोठवला. ते पाहून बऱ्याच देशांच्या मध्यवर्ती बँका सोनं साठवू लागल्या. २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची खरेदी हजार टनांच्या पुढे गेली. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे तोळा एक लाखावर पोचला.

असं आधीही घडलंय. १९६२ ला चीनशी युद्ध झालं, तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी! कित्येक सोनारांचं काम गेलं. लोकांना ते सोनं पटलं नाही. शेवटी १९६६ मध्ये ही अट काढावी लागली.

तेव्हा सरकारी हुकमाने जे जमलं नाही, ते आता भाव करून घेतोय. जुलै २०२५ पासून ९ कॅरेटच्या दागिन्यालाही हॉलमार्क मिळू लागलाय.

इथेच सावध व्हायला हवं. बाईचा दागिना म्हणजे नटणं, तशीच अडीनडीची पुंजी. पेरणीला, दवाखान्याला तोच गहाण पडतो. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, १४ मध्ये ५८.५ आणि ९ मध्ये फक्त ३७.५. दिसायला सगळं पिवळंच, पण मोडायला गेलं की फरक कळतो. 'एक ग्रॅम'च्या दागिन्यावर तर बँक कर्जच देत नाही.

मिरवायला 'एक ग्रॅम'चं घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र लेकीसाठी थोडं का होईना, खरं सोनं घ्या आणि पक्की पावती तिच्याच नावाने करा. दागिन्यावरचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर दुकानातच तपासा. मोबाईल तर आपल्या हातातच आहे.