विश्लेषण : ‘अर्जंट रक्त हवे’ एवढ्यावर रक्तदाता का मिळत नाही?

‘अर्जंट! रक्ताची गरज आहे. प्लीज शेअर करा.’ हा मेसेज आला नाही, असा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शोधून सापडायचा नाही. लोक तो तत्परतेने पुढे पाठवतात. पण रक्तगट, रुग्णालय, शहर आणि तारीखच त्यात नसेल, तर पाठवणाऱ्याला समाधान मिळते आणि रुग्ण वाट पाहत राहतो.

२०२१ मध्ये काय दिसले?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन, खाटा आणि रेमडेसिविरसाठी समाजमाध्यमांवर मदतीच्या हाका सुरू होत्या. क्रमांक खरा आहे का, गरज अजून आहे का, हे तपासण्यातच स्वयंसेवकांचा बराच वेळ जात होता. मदत करणारे हात होते. अपुऱ्या मजकुरामुळे ते अडकून पडत होते.

‘रक्त हवे’ म्हणजे नेमके काय?

शस्त्रक्रियेसाठी लाल पेशी लागू शकतात, तर डेंग्यूच्या गंभीर रुग्णासाठी डॉक्टर प्लेटलेट मागू शकतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस साठवता येतात, प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात. ‘सिंगल डोनर प्लेटलेट’ हव्या असतील तर दात्याला तास-दीड तास यंत्रावर बसावे लागते आणि हे यंत्र प्रत्येक रक्तकेंद्रात नसते. हे आधी कळले नाही, तर दात्याची फेरी फुकट जाते.

रक्तगटाचेही तसेच. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. साध्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो, पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त चालत नाही. तिथे ‘ओ हवे’ हा मेसेज हजारो लोकांपर्यंत पोहोचला तरी निरुपयोगीच.

मेसेजमध्ये काय असावे?

- रक्तगट, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह यासह
- कोणता घटक आणि किती युनिट
- रुग्णालय, रक्तकेंद्र आणि शहर
- कोणत्या तारखेला, किती वाजेपर्यंत
- फोन उचलेल अशा एकाच नातेवाइकाचा क्रमांक
- मेसेज लिहिल्याची तारीख आणि वेळ

रुग्णाचा फोटो, आधार कार्ड किंवा पूर्ण रिपोर्ट टाकू नये. त्याने दाता लवकर मिळत नाही, फसवणाऱ्यांच्या हाती मात्र आयती माहिती लागते. रक्ताची सोय झाली की त्याच ग्रुपवर ‘गरज पूर्ण झाली’ असे लिहावे; नाहीतर तो मेसेज महिनोन्‌महिने फिरतो आणि पुढच्या खऱ्या मेसेजवरचा विश्वास कमी करतो. ग्रुपवर टाकण्याआधी रुग्णालयाच्या रक्तकेंद्रात विचारावे आणि ‘ई-रक्तकोष’ पोर्टलवर जवळच्या केंद्रांतील साठा पाहावा.

जबाबदारी कोणाची?

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलाला किंवा पत्नीला त्या क्षणी नेटके लिहायला सुचेलच असे नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मेसेज पहिल्यांदा ज्याच्या हाती येतो, त्याने तो पुढे ढकलण्याआधी एक फोन करून राहिलेली माहिती भरावी. ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. डॉक्टरांच्या रक्त मागणीपत्रावर रक्तगट, घटक आणि युनिट लिहिलेले असते आणि तो कागद बहुतेक वेळा नातेवाइकाच्याच हातात असतो. तो पाहून मेसेज लिहिला, तर ‘प्लीज शेअर करा’ला खरा अर्थ येईल.