बाजारातला पडदा

दादरला पश्चिमेकडे उतरले की आधी फुलवाले, मग भाजीवाले, मग साड्यांची आणि भांड्यांची दुकाने. या गर्दीतून वाट काढत मुंबईतल्या मराठी कुटुंबांच्या कितीतरी पिढ्या सिनेमाला गेल्या. लग्नाचा बस्ता बांधायचा, पिशव्या सांभाळत तीनच्या खेळाला बसायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. खरेदी आणि करमणूक एकाच फेरीत उरकण्याची युक्ती मॉलवाल्यांची, असे आज वाटते. दादरकरांना ती फार आधीपासून ठाऊक होती.

दादर हे मुळात उपनगर. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या शहराबाहेर दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली. वस्तीमागून बाजार आला आणि बाजारामागून थिएटरे. पश्चिमेला प्लाझा आणि कोहिनूर, पूर्वेला चित्रा, ब्रॉडवे, शारदा.

बाजारातल्या थिएटरचा हिशेबही दुकानासारखाच. खपेल तो माल पुढे मांडायचा. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला त्याचा फटका बसला. कोहिनूरमध्ये त्याच्याऐवजी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचे घाटत होते. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला, ही हकिकत मराठी सिनेसृष्टीत अजून सांगितली जाते. पुढे दादांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला. म्हणजे प्रेक्षक होता, याच बाजारात पिशव्या घेऊन हिंडत होता. अडले होते ते पडद्यापाशी.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट झाले. त्यांतला एक व्ही. शांतारामांच्या प्लाझाशी झाला. तिथे दहाजण दगावले, सदतीस जखमी झाले. डागडुजी होऊन थिएटर पुन्हा सुरू झाले आणि दादरकर पुन्हा तिकीटखिडकीशी उभे राहिले.

पुढचे संकट आले ते हिशेबाच्या वाटेने. अमेरिकेत १९६३ सालीच कॅन्सस सिटीच्या एका उपनगरी शॉपिंग सेंटरमध्ये एकाच छपराखाली दोन पडद्यांचे थिएटर निघाले होते. एक तिकीटखिडकी, एक नोकरवर्ग आणि उत्पन्न दोन पडद्यांचे. आपल्याकडे ही पद्धत १९९७ साली दिल्लीच्या साकेतमध्ये आली. तिथल्या बाजारातले जुने ‘अनुपम’ चार पडद्यांचे झाले. मग हजार खुर्च्यांचे एकच प्रेक्षागृह भरवणे दादरच्या मालकांनाही जड जाऊ लागले. कोहिनूरच्या जागी ‘नक्षत्र’ हे दुकानांचे संकुल झाले. मे २०१९ मध्ये चित्रानेही दार ओढून घेतले.

पडदे वाढले, तेव्हा मराठी सिनेमाचे भले व्हायला हवे होते. पण पडद्यांबरोबर घाईही वाढली. पूर्वी चित्रपट आठवडाभर तरी टिके. शेजारीण शेजारणीला सांगे आणि दुसऱ्या आठवड्यात गर्दी जमे. आता शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर पुढचे खेळ ठरतात. मराठी चित्रपटाला सकाळची किंवा आडनिडी वेळ मिळाली, की खुर्च्या रिकाम्या राहतात. मग त्याच रिकाम्या खुर्च्या दाखवून खेळ कमी केले जातात. म्हणूनच एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर वाद झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली.

नियमाने पडदा मिळतो, खुर्ची मात्र घरच्या माणसांनीच भरावी लागते. चांगल्या मराठी चित्रपटाचे नाव कानावर आले, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणण्यात हल्ली अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात तो तिथे असेलच असे नाही. शनिवारी खरेदीला निघालात, तर पिशवीबरोबर तिकिटाचेही पैसे काढून ठेवावेत.