जिभेची साक्ष

स्थूलता हा अलीकडे पुष्कळ घरांतून चिंतेचा विषय झाला आहे, आणि ती घालविण्याचा निश्चय केलेली मंडळी आमच्या नवी मुंबईत पहाटेपासून दृष्टीस पडतात. नेरूळला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याभोवती, वाशीला सागरविहारापाशी, खारघरला सेंट्रल पार्कात आजोबा, नातवंडे, सासवा, सुना सारेच झपाझप पावले टाकीत असतात. हे दृश्य कोणालाही आनंद देईल असेच आहे. मात्र फेरी आटोपल्यावर कित्येकांची पावले रसवाल्याकडे वळतात. दुधी, कारले, आवळा ह्यांचा हिरवा रस पेल्यात येतो आणि औषध घ्यावे तसा डोळे मिटून घेतला जातो. काही घरांत हाच रस यंत्रावर काढून अनशापोटी घेण्याचा परिपाठ आहे. आज ह्या पेल्याविषयी थोडे सांगावयाचे आहे.

दुधी ही जात्याच सौम्य भाजी. तिच्यात बहुतेक सारे पाणीच. शंभर ग्रॅम दुधीतून मिळणारी ऊर्जा जेमतेम १५ कॅलरींची. आजारातून उठलेल्या माणसालाही आपण ती निःशंकपणे देतो. तिच्यापासून अपाय होईल हे त्यामुळे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परंतु २०१८ सालच्या जून महिन्यात पुण्यात चाळिशीच्या घरातील एका स्त्रीने सकाळचे धावणे आटोपून दुधीचा रस घेतला, तिला उलट्या सुरू झाल्या, आणि उपचार चालू असतानाच काही दिवसांत तिचा अंत झाला. त्यापूर्वी २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी व कारले ह्यांच्या मिश्र रसाने मृत्यू झाला होता. तोच रस घेतलेली त्यांची पत्नीही आजारी पडली, पण वाचली. अशा घटनांनंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा प्रश्न तपासला, आणि २०१२ साली परिषदेच्या नियतकालिकात तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

ह्या अनर्थाचे कारण दुधी नव्हे, कडू दुधी होय. दुधी, काकडी, दोडका, कारले ही सारी एकाच कुळातील. किडीपासून आपला बचाव करण्यासाठी ह्या वनस्पती कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये निर्माण करतात. आपण खातो त्या दुधीत त्यांचे प्रमाण नगण्य असते. पण वेलीला कडक ऊन लागले, पाण्याचा ताण पडला, किंवा बियाण्यात रानटी वाणाचा संकर झाला, तर एखादे फळ कडूजहर निपजते. बाहेरून ते इतर फळांसारखेच हिरवे, कोवळे आणि तुकतुकीत दिसते. शिजवून त्याचा दोष जाईल असा भरवसाही धरता येत नाही.

आमच्या पूर्वाचार्यांना ही गोष्ट ठाऊक होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात ‘इक्ष्वाकुकल्प’ नावाचा एक अध्यायच आहे. इक्ष्वाकु म्हणजे कडू भोपळा, आणि त्याची गणना वांती करविणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे. जे द्रव्य वैद्याने रोग्याचे बलाबल पाहून, मात्रा मोजून द्यावयाचे, तेच आपण भर पेल्याने आणि तेही उपाशीपोटी घ्यावे, हे कितपत योग्य?

मग कडू लागत असताना माणसे ते पितात कशी? ह्याचे मूळ आपल्या संस्कारांत आहे. गुढीपाडव्याचा कडुनिंब, तापातला काढा, मेथी, कारले ह्यांनी लहानपणापासून आपल्या मनावर बिंबविले आहे की, कडू तेवढे गुणकारी. त्यातून वजन उतरविण्याचे व्रत घेतलेल्या माणसाला जिभेला जिंकणे हाच पुरुषार्थ वाटतो. नाक दाबून पेला संपविला की आज संयम पाळला असे समाधान मिळते. जिभेचे लाड पुरवू नयेत, हे खरे. परंतु लाड मागणारी जीभ निराळी आणि साक्ष देणारी जीभ निराळी. श्रीखंडाची आणखी एक वाटी मागते तेव्हा तिला आवरावे. दुधी कडू आहे असे सांगते तेव्हा तिचे ऐकावे. कारल्याचा कडवटपणा हा त्याचा स्वभाव आहे. दुधीचा कडवटपणा ही धोक्याची सूचना आहे. आणि दोहोंचा रस एकत्र केला की ही सूचनाच ऐकू येईनाशी होते.

२०१५ साली जर्मनीतील हायडेनहाइम गावी परसात पिकलेल्या कडू झुकिनीची शिजवलेली भाजी एका वृद्ध दांपत्याच्या पानात आली. पत्नीने कडू लागते म्हणून थोडीशीच खाल्ली आणि ती वाचली. पती मात्र दगावला.

उपाय अगदी साधा आहे. दुधी चिरल्यावर कच्चा लहानसा तुकडा जिभेवर ठेवावा. कडू लागल्यास तो थुंकावा आणि सबंध फळ टाकून द्यावे. पैसे वाया गेल्याची हळहळ करू नये. दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये, असे तज्ज्ञ समितीनेही सुचविले आहे. आम्ही तर म्हणू की, रसाचा अट्टाहास धरूच नये. हरभऱ्याची डाळ घालून केलेली दुधीची भाजी सर्वांच्या पंगतीत बसून खाता येते, आणि गाळून टाकला जाणारा चोथाही पोटात जातो.

इतके करूनही रस घेतल्यावर काही मिनिटांत वा तासांत मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू झाले, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबू-सरबतावर वेळ घालवू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. ह्या विषावर उतारा असा नाही. परंतु शिरेतून पाणी देणे, रक्तदाब सांभाळणे, पोटातील रक्तस्रावावर लक्ष ठेवणे हे उपचार वेळेवर झाले तर रोगी बरा होतो. काय घेतले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. येथे घरातील वडील मंडळींची जबाबदारी मोठी आहे. सून पहाटे सर्वांच्या आधी रस घेते आणि पोटात दुखू लागले तरी बोलणी बसतील म्हणून गप्प राहते. “हे उपद्व्याप सांगितले होते कुणी?” हा प्रश्न त्या वेळी कोणीही विचारू नये. “काय घेतलेस, केव्हा घेतलेस, कडू लागले होते का?” एवढेच मायेने विचारावे.

बरे वाटल्यावर काट्यावर दोन किलो कमी दिसतील. तो लाभ समजू नये. ते शरीरातून गेलेले पाणी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पेज, मऊ भात, मग नेहमीचे जेवण असे चढत जावे, आणि ताकद आल्यावरच फिरणे सुरू करावे. एका अपघातामुळे सारा संकल्पच सोडून देण्याचेही कारण नाही. स्थूलाने व्यायाम वाढवावा तो क्रमाक्रमाने, असे चरकाचार्य सांगतात. आजचे वैद्यकही आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढीच घट पुरेशी मानते. ज्या शरीरावर वर्षानुवर्षे मेद चढला, त्याला तो उतरविण्यासाठी काही महिन्यांची सवड द्यावी, हे न्यायाला धरूनच आहे.