कंबरेचा एमआरआय : केव्हा आणि कशासाठी?

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर ज्याने एकदा पाऊल टाकले आहे, त्याला तेथील एक साधा नियम ठाऊक असतो. डोंगराच्या खिंडीतून उतरणाऱ्या पायऱ्या समुद्रालगतच्या खडकांवर नेतात. परंतु तेथे उतरायचे ते ओहोटीची वेळ पाहूनच. पायऱ्या त्याच असतात, फरक पडतो तो वेळेमुळे. वैद्यकीय तपासण्यांनाही असाच काळवेळेचा विवेक लागतो आणि कंबरेच्या एमआरआयच्या बाबतीत तो सुटत चालला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

या किनाऱ्यावर कंबरदुखी नवी नाही. पोफळीवर चढून सुपारी पाडणारा, होडी वाळूवर ओढणारा, पाहुण्यांच्या खोल्यांसाठी पाण्याच्या बादल्या वाहणारी बाई, यांची कंबर कधी ना कधी धरतेच. दिवसभर उभे राहणारे शिक्षक आणि खुर्चीला खिळलेले कारकून यांचीही त्यातून सुटका नाही. पूर्वी अशा वेळी शेक व लेप चाले. आता चार दिवसांत 'गादी सरकली असेल, नस दबली असेल, एकदा एमआरआय काढून घ्या' हा सल्ला मिळतो. गावात हे यंत्र नाही. म्हणून म्हसळा-माणगावमार्गे पनवेल किंवा मुंबई गाठायची, बरोबर एक माणूस न्यायचा, दोघांचा रोजगार बुडवायचा आणि काही हजार रुपये मोजून काळ्या-पांढऱ्या चित्रांची पिशवी घेऊन परतायचे. या खटाटोपातून रोग्याच्या हाती काय लागते, हा खरा प्रश्न आहे.

एमआरआय हे विज्ञानाचे मोठे देणे आहे, याबद्दल दुमत नाही. त्याच्या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्यामधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी चाळवले जाते आणि त्यांच्याकडून परत येणाऱ्या संकेतांवरून संगणक चित्र रचतो. त्यामुळे साध्या एक्स-रेत न दिसणाऱ्या मणक्यांमधील गाद्या, मज्जातंतू आणि स्नायू त्यात स्पष्ट दिसतात.

परंतु दोष दिसणे आणि दुखण्याचे कारण सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच दुखत नसलेल्या ९८ व्यक्तींचा एमआरआय काढण्यात आला. त्यांपैकी ६४ टक्के लोकांच्या किमान एका गादीत दोष आढळला. २०१५ साली अशाच वेदनारहित ३,११० व्यक्तींवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. तेव्हा पन्नाशीच्या सुमारे ८० टक्के माणसांत गाद्यांची झीज आणि ६० टक्क्यांत गादी फुगलेली दिसली. म्हणजे वयाबरोबर केस पिकावेत तशी गादी झिजते. तथापि अहवालातील हे शब्द वाचून धडधाकट माणूस स्वतःला अपंग समजू लागतो, वाकणे-चालणे सोडतो आणि क्वचित अनावश्यक शस्त्रक्रियेच्या दारात उभा राहतो.

साधी कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत पुष्कळशी उतरते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा बेताने हिंडणे-फिरणे, थोडे वेदनाशामक औषध आणि पुढे शिकवलेला व्यायाम हेच तिच्यावरचे शहाणपणाचे उपचार होत. धोक्याची लक्षणे नसताना सरसकट अशी चित्रे काढू नयेत, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २००७ सालीच डॉक्टरांना सांगितले आहे. सुमारे सहा आठवडे योग्य उपचार करूनही पायात उतरणारी कळ हटत नसेल आणि शस्त्रक्रियेचा किंवा मणक्यातील इंजेक्शनचा विचार चालू असेल, तर एमआरआयची वेळ आली असे समजावे.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसताच सहा आठवडे तर काय, एक रात्रही दवडू नये. तेथे तासांचा हिशेब असतो आणि विलंबाने आलेले पंगुत्व कायमचे राहू शकते. कंबरदुखीबरोबर ताप, वजनातील अकारण घट किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तरीही तपासणी लांबवू नये. आपल्या देशात मणक्याच्या क्षयाची शंका विसरून चालत नाही. झाडावरून पडलेल्या माणसाचा आधी एक्स-रे काढतात आणि त्यानुसार पुढचे ठरवतात.

तपासणी स्वतः वेदनारहित असते. पाठीवर निजवून, गुडघ्यांखाली उशी देऊन रोग्यास बोगद्यासारख्या पोकळीत सरकवतात. वीस ते चाळीस मिनिटे निश्चल पडावे लागते. यंत्र मोठा ठोक्यांचा आवाज करते म्हणून कानात बोळे देतात आणि जीव घाबरल्यास दाबण्यासाठी हातात घंटीचे बटण असते. मंगळसूत्र, जोडवी, पिना, किल्ल्या, श्रवणयंत्र, सारे बाहेर ठेवावे लागते. हृदयात पेसमेकर, मेंदूत धातूची क्लिप किंवा डोळ्यात लोखंडाचा कण असेल, तसेच गर्भ राहिला असेल, तर ते आधीच सांगितले पाहिजे. शिरेतून औषध टोचून चित्र काढण्याची गरज प्रत्येकास नसते. पूर्वीची शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका असल्यासच ते बहुधा लागते आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास तसे सांगावे लागते. हे नियम केवळ उपचार नव्हेत. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला, तो चुंबकाने ते नळकांडे खेचून घेतल्यामुळे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास यात एक जुना प्रश्न दिसतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा नसतो. येथे काय विकत घ्यायचे हे विकणाराच ठरवतो, कारण ज्ञान त्याच्याकडे असते. त्यात यंत्राची किंमत कोट्यवधी असल्याने ते रिकामे ठेवणे मालकास परवडत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांनी मनाई केली आहे. तरीही ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी २०१७ साली महाराष्ट्र शासनाला स्वतंत्र कायद्याचा मसुदा करावा लागला, यावरून रोगाचे मूळ किती खोल आहे हे कळते. बहुसंख्य डॉक्टर या मार्गाने जात असतील असे नव्हे. परंतु रोग्याची भीती, डॉक्टरांची घाई आणि यंत्राचा हप्ता एकत्र आले, की अनावश्यक तपासणी आपोआप घडते.

म्हणून प्रत्येक तालुक्याला एमआरआय यंत्र द्या, ही मागणी आकर्षक असली तरी पहिली असू नये. श्रीवर्धनसारख्या ठिकाणी कंबर हाताने तपासून धोक्याची लक्षणे ओळखणारा डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारा भौतिकोपचारतज्ज्ञ कायम उपलब्ध असणे अधिक स्वस्त आणि अधिक उपकारक आहे. ज्याला खरोखर तातडीची गरज आहे, त्याला मात्र रुग्णवाहिकेने त्याच दिवशी यंत्रापर्यंत व शस्त्रक्रियेपर्यंत पोचवण्याची हमी शासनाने दिली पाहिजे. आणि आपण रोग्यांनीही चिठ्ठी हाती पडताच एक प्रश्न विचारावा : ‘या चित्रात काहीही निघाले, तरी माझ्या उपचारात फरक पडणार आहे काय?’ उत्तर नकारार्थी असेल, तर पनवेलच्या गाडीचे भाडे वाचवून रोज सकाळी किनाऱ्यावर चालायला जाणे, हेच कंबरेच्या आणि संसाराच्या हिताचे आहे.