पोळें दिसतांच टेंभा नको

आमच्या मेळघाटांत पोळें दिसलें कीं प्रथम टेंभा शोधण्यांत येतो. तें कोणाचें, ही चौकशी मागाहून होते, आणि पुष्कळदां होतच नाहीं. ही रीत सोडली पाहिजे, असें आम्हांस आग्रहानें म्हणावयाचें आहे.

उंच फांदीखालीं अगर कड्याला उघडें लोंबणारें मेणाचें एकच मोठें पोळें, तें आग्यामोहोळ. तेथें राहते ती मधमाशी. वळचणीला देंठानें टांगलेल्या छत्रीसारखें, उघड्या कप्प्यांचें कागदी घरटें लहान गांधीलमाशीचें असतें. खरी भीति मोठ्या गांधीलमाशीची. हिची एक जात काळी असून पोटावर रुंद पिवळा पट्टा असतो. दुसरी तांबूस तपकिरी व पिवळ्या पट्ट्याची. हिचें घरटें सहसा दृष्टीस पडतच नाहीं. झाडाच्या ढोलींत, भिंतीच्या पोकळींत किंवा जमिनींतील बिळांत, चावलेल्या लांकडाच्या लगद्यानें ती तें बांधते. एकाच छिद्रांतून माशा सारख्या आंतबाहेर करूं लागल्या कीं तेथें घरटें आहे असें समजावें.

असें घरटें रानांत दूर असेल तर तें तसेंच राहूं द्यावें. ही माशी पिकावरील अळ्या मारून आपल्या पिलांना भरवते. (मधपाळाला ती आवडत नाहीं, कारण मधमाश्यांनाही ती सोडीत नाहीं.) सागाचा वाळका पाला पडलेला असतां टेंभा लावणें म्हणजे वणवा पेटविणेंच होय, राखीव जंगलांत आग लावणें १९२७ च्या वनकायद्यानें गुन्हाही आहे. घरटें शाळेच्या भिंतींत किंवा विहिरीच्या कांठीं असेल तर मात्र तें काढविलेंच पाहिजे. परंतु तें काम जाणत्या माणसाचें, अंगभर जाड कपडे घालून, अंधार पडल्यावर करावयाचें. मुलांचें कदापि नव्हे. दिवसां छिद्र बुजविणें तर अगदींच वाईट. बाहेरच्या माशा तेथेंच घोंघावत राहतात. दगड मारणारा मुलगा बहुधा आधींच पळालेला असतो. डंख बसतो तो मागून मोळी घेऊन येणाऱ्या बाईला.

माशा अंगावर आल्या तर हात झाडीत उभें राहूं नये. तोंड झांकून सरळ धांवत बंद घरांत शिरावें. सिपनेंत उडी घेऊं नये. डोकें वर काढतांच त्या पुन्हा डसतात. मधमाशीची नांगी कांटेरी असल्यामुळें कातडींत राहते, ती नखानें तत्काळ खरवडून काढावी. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, म्हणून एकच माशी अनेकदां डसते. डंखाची जागा धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी.

एवढ्यानें बहुतेकांस उतार पडतो. पण ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडूं लागला, सर्वांगावर गांधी उठल्या, भोंवळ आली किंवा पुष्कळ डंख बसले, तर एक क्षणही दवडूं नये. अशा वेळीं ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन प्राण वांचवितें, तें भुमक्याजवळ नसतें. भुमक्याकडे जावयाचेंच असेल तर मागाहून जावें. आधीं सेमाडोहचें प्राथमिक आरोग्य केंद्र गांठावें.